मळसूत्र, आटे आणि मागणीपत्र

हातपंप बंद पडतो, ग्रामपंचायतीचे मागणीपत्र पंचायत समितीकडे जाते आणि त्यात एवढेच लिहिलेले असते : ‘स्क्रू, नग १२’. आलेले सामान बसत नाही आणि गावाला पाण्यासाठी पुन्हा वाट पाहावी लागते. दोष पुरवठादारावर ढकलला जातो. परंतु पुष्कळदा तो शब्दाचा असतो.

स्क्रूला जुना मराठी शब्द मळसूत्र. फिरकीच्या तांब्याचे झाकण ज्या युक्तीने घट्ट बसते, तीच ही युक्ती. दांड्यावरील पिळदार चरांना आटे म्हणतात. (डोक्याचे आटे ढिले होतात ते हेच, हिंदीतील पिठाशी त्यांचा संबंध नाही.) शिक्षकांनी कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळून दाखवावा. त्याची तिरकी कड पिळासारखी वर चढते. मळसूत्र म्हणजे दांड्याला वेढलेली उतरणच होय, हे मुलांच्या तत्काळ ध्यानात येते.

व्यवहारात मात्र भेद पाळणे अगत्याचे आहे. स्क्रू लाकडात अथवा आटे पाडलेल्या भोकात स्वतःच रुततो. बोल्ट आरपार जातो व पलीकडून त्याला चाकी, म्हणजेच नट, आवळावी लागते.

खरी अडचण मापाची. कारागीर ‘चार सुती’ बोल्ट मागतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा इंच, अर्थात १२.७ मिलिमीटर. ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत या जाडीला इंचामागे १२ आटे असतात; म्हणजे दोन आट्यांतील अंतर सुमारे २.१२ मिलिमीटर. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. त्यांतील ‘एम १२’ बोल्ट १२ मिलिमीटर जाडीचा असून त्याच्या नेहमीच्या आट्यांतील अंतर १.७५ मिलिमीटर असते. दोन्ही दिसावयास जुळे भाऊ. पण एकाची चाकी दुसऱ्यावर जेमतेम एकदोन फेरे फिरते व अडकते. पान्याने जोर केला की आटे जातात आणि दोन्ही वस्तू भंगारात निघतात.

म्हणून मागणीपत्रात ‘षट्कोनी डोक्याचा बोल्ट, एम १२, लांबी ४० मिलिमीटर, चाकी व वायसरसह’ असे सविस्तर लिहावे. अशा बोल्टची लांबी डोके सोडून मोजतात. शक्य असल्यास जुना बोल्ट नमुन्यादाखल सोबत पाठवावा.