लोखंडी नांगर

सन १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत एक तरुण चित्रकला शिकण्यास आला. त्याचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. त्याचा हात चांगला होता. परंतु काही रंगांमधील भेद त्याच्या डोळ्यांना कळत नसे. म्हणून त्याने रंगकाम सोडले व यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या संपादन केली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तो तीच विद्या शिकवू लागला.

यंत्रांचा नाद मात्र त्याला स्वस्थ बसू देईना. त्यातच हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली. तेव्हा नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावास आले. सायकलींच्या धंद्यापाठोपाठ त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होईल, या भीतीने शेतकरी नांगर घेईनात. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! तरीही लक्ष्मणराव डगमगले नाहीत. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांच्या साहाय्याने कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर त्यांनी कारखाना उभारला. तीच किर्लोस्करवाडी होय.

विद्यार्थ्याला उद्योजक व्हावेसे का वाटते? कोणास धनाची ओढ असते, कोणास स्वातंत्र्याची. लक्ष्मणरावांच्या ठायी यंत्रांचा नाद होता, दुखावलेला स्वाभिमान होता आणि शेतकऱ्याची गरज ओळखणारी दृष्टीही होती. जळकोटसारख्या गावातून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला अशी गरज दूर शोधावी लागत नाही. ती त्याच्या घरच्या शेतातच दिसते. ती दूर करण्याची जिद्द मात्र त्याने स्वतःच धरावयास हवी.