सोलापुरातल्या तेलुगू आडनावाचा माग काढताना

सोलापूरच्या पूर्व भागातली बहुतेक पद्मशाली घराणी तेलंगणातून आलेली. हातमागाला उतरती कळा लागली, दुष्काळ पडले आणि इकडे 1877 मध्ये, पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी उभी राहिली. तेव्हा मूळ गाव निजामाच्या राज्यात आणि नवे घर मुंबई इलाख्यात, त्यामुळे कागदपत्रेही दोन राज्यांत विखुरली.

काय करावे

• आधी घरातली ट्रंक उघडा. एखाद्या चुलत्याने जात पडताळणी केली असेल, तर त्या फाइलीत वंशावळ आणि आजोबांचा शाळेचा दाखला तयार मिळतो.

• शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. महापालिकेतली जन्म-मृत्यूची नोंद आणि सिटी सर्व्हेचा उतारा त्यानंतर.

• आजीला विचारा. तिचे माहेर कुठले, तिच्या आईचे कुठले, लग्नाला वऱ्हाड कुठून आले? सोलापूरच्या कागदावर नुसते आडनाव असते. गाव मात्र सोयरिकीतून कळते. वंशावळीत फक्त पुरुषांची नावे लिहिणारा हा सगळ्यात मोठा पुरावा स्वतःच्या हाताने पुसतो. आजीचे बोलणे मोबाइलवर टिपून घ्या, आणि ते याच महिन्यात.

• नाव उलटेही शोधा. तेलुगूत इंटिपेरु, म्हणजे घराचे नाव, आधी येते: आपल्याकडचे नरसय्या आडम तिकडे आडम नरसय्या. पुष्कळदा इंटिपेरुचे नुसते आद्याक्षरच लिहिलेले असते.

• गोत्र नोंदवा. पद्मशालींत 101 गोत्रे सांगतात. इंटिपेरु एक आणि गोत्र वेगळे, तर कूळही बहुधा वेगळे.

• गाव सापडले की तिथे कूनपुलींची चौकशी करा. चित्रांचा लांब पट उलगडत पद्मशालींना मार्कंडेय पुराण सांगणारी ही मंडळी.

• हैदराबाद संस्थानच्या कागदावर फसली साल असेल तर त्यात 590 मिळवा. एखादे वर्ष इकडेतिकडे होईल. फसली 1346 म्हणजे 1936-37.

काय टाळावे

• आडनावाच्या अर्थावरून गाव ठरवू नका.

• एकाच स्पेलिंगवर अडू नका. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे एकच नाव तेलुगू, उर्दू, मराठी आणि इंग्रजी कागदांत चार रूपांत भेटते.

• जुन्या जिल्ह्याचे नाव आजच्या नकाशावर तसेच शोधू नका. 2016 मध्ये तेलंगणातले जिल्हे फोडून नवे केले. जुन्या करीमनगरातले सिरसिल्ला, जगत्याल आता स्वतंत्र जिल्हे आहेत.

• आडनाव सारखे म्हणून कुणाला भाऊबंद धरू नका.

• इंटरनेटवरची तयार वंशावळ मूळ नोंद पाहिल्याशिवाय उतरवू नका. नोंदीचा फोटो घ्याल तेव्हा रजिस्टरचे साल आणि पान क्रमांक त्यात दिसू द्या.

• हयात नातेवाइकांच्या जन्मतारखा आणि आधार क्रमांक घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.