कात : टाकलेली आणि अडकलेली

'महाविद्यालयाने कात टाकली', 'मराठी नाटकाने कात टाकली' अशी वाक्ये आपण सारेच निबंधांतून सहज लिहून जातो. मीही अकरावीपासून लिहीत आले आहे. कात टाकणे ही सुखाची आणि आपोआप घडणारी गोष्ट आहे, असे या वाक्प्रचारात आपण गृहीत धरलेले असते. जुने गळाले, नवे झळकू लागले, संपले! परंतु गेल्या मे महिन्यात एका धामणीची कात अडकलेली मी पाहिली, आणि तेव्हापासून हा वाक्प्रचार लिहिताना माझा हात जरा थांबतो. द्वितीय वर्षाला पर्यावरण विषयाचा जो प्रकल्प करावा लागतो, तो मी याच विषयावर केला. प्रस्तुत लेख त्या प्रकल्पाच्या वहीतूनच उतरला आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञान दहावीलाच सुटले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे चुकले तर घरी विचारायलाही कोणी नाही. तेव्हा जाणकारांनी चूकभूल पदरात घ्यावी.

आमचे गाव सांगोला तालुक्यात. पाऊस बेताचा, माळ खडकाळ आणि बागा डाळिंबाच्या. आमची बाग पाऊण एकराची आहे. यंदा आंबे बहार धरला होता. फळ भरू लागले तेव्हा पाखरांपासून राखण म्हणून अण्णांनी बागेवर नायलॉनची जाळी ओढली. जाळीची खालची कड सैल होती, ती जमिनीवर लोळत होती. एके दिवशी सकाळी त्या कडेत एक धामण अडकलेली सापडली. सुटण्यासाठी तिने इतक्या गिरक्या घेतल्या होत्या की डोक्यामागे दोन वितींवर जाळीचे धागे अंगात रुतून बसले होते. माणसे जमली. काठ्याही आल्या. अण्णांच्या हातातही काठी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. आजी तेवढी म्हणाली, "धामण हाय ती. तिला मारल्यावर उंदरं कोण खाणार, तू?" त्यावर अण्णांनी काठी खाली ठेवली.

शेजारच्या गावात एक सर्पमित्र आहेत. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. त्यांनी आधी वनरक्षकांना फोन करून कळवले, मग कात्रीने एकेक धागा कापला. सरकारी दवाखान्यातील पशुवैद्यांनी जखम धुऊन मलम लावले. जखम भरेपर्यंत धामणीला सोडता येत नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामणीला संरक्षण आहे, तिला पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. म्हणून वनखात्याच्या संमतीने, केवळ उपचारापुरती, तिला दादांच्या घरामागील पत्र्याच्या खोलीत जाळीच्या झाकणाच्या पेटीत ठेवले. मी रोज सायकलवरून जाऊन वहीत नोंदी करू लागले.

आता कात म्हणजे काय ते पाहू. सापाच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर केराटिन या द्रव्याचा असतो. आपली नखे आणि केस, बैलाची शिंगे ही त्याच द्रव्याची. हा थर मृत असतो आणि तो अंगाबरोबर वाढत नाही. साप मात्र आयुष्यभर थोडाथोडा वाढत राहतो. म्हणून जुन्या थराखाली नवा थर तयार होतो. तो पुरता झाला की दोन थरांच्या मध्ये एक पातळ द्रव उतरतो आणि जुना थर सुटा होऊ लागतो. माणसाची कातडीही झडत असते, पण कोंड्यासारखी, कणाकणाने. पालीची तुकड्यातुकड्याने निघते. निरोगी सापाची मात्र ओठापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसंध निघते. साप खरबरीत दगडावर वा लाकडावर ओठ घासतो, तिथे कात सुटते, आणि मग पायमोजा उलटा करून काढावा तसा तो तिच्यातून बाहेर येतो. म्हणूनच सापडलेली कात बहुधा आतली बाजू बाहेर अशी असते. तिच्यावर सापाचा रंगही फारसा नसतो, कारण रंग खालच्या जिवंत थरात राहतो.

मला सर्वांत नवल वाटले ते डोळ्यांचे. सापाला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो, घड्याळाच्या भिंगासारखा. कात निघते तेव्हा हा खवलाही तिच्याबरोबर निघतो. पूर्ण कात उजेडात धरली तर डोक्याशी दोन वाटोळी भिंगे दिसतात. कात टाकण्याच्या आधी त्या खवल्याखालीही द्रव उतरतो आणि डोळे निळसर दुधाळ होतात. त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही. तो खात नाही, चिडका होतो, आडोशाला पडून राहतो.

आमच्या धामणीचे डोळे आठव्या दिवशी असे झाले. मी वहीत 'धामण आंधळी झाली' असे लिहिले आणि घाबरून दादांना हाक मारली. ते हसले. पाच दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ झाले. मला वाटले, आजार संपला. वास्तविक डोळे स्वच्छ होणे हीच पुढची खूण असते; कात त्यानंतर तीनचार दिवसांनी निघते. तशी ती निघू लागली. पेटीत ठेवलेल्या विटेच्या तुकड्यावर तिने ओठ घासले, डोक्यावरून कात मागे सरकली, आणि जखमेपाशी येऊन अडली. तिथे फाटली. पुढची तुकड्यातुकड्याने निघाली. दुसऱ्या दिवशी पाहिले तो जखमेभोवती एक पट्टा, शेपटीच्या टोकाला टोपणासारखा एक कोरडा वेढा आणि डाव्या डोळ्यावर जुना खवला तसाच राहिला होता.

इथे माझ्याकडून जी चूक घडली ती लिहिली पाहिजे. दादांनी हातमोजे घालून धामण धरली होती. जखमेपाशी कातीचा एक तुकडा लोंबत होता. हातावरची जखम भरताना खपली उचकटावी असे होते ना, तसे मला झाले. मी चिमट्याने तो तुकडा धरला आणि ओढला. वास्तविक मी तिला हातही लावायला नको होता. तुकड्याबरोबर तीन खवले आले आणि खाली रक्ताचा थेंब उभा राहिला. धामण अशी फुत्कारली की माझ्या हातून चिमटा पडला. दादा रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "ताई, निघायची असती तर तिनंच काढली असती." त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही.

मग पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी जे सांगितले त्यात अमेरिकेतील एका सापाचे नाव आले. तेही इथे सांगण्यासारखे आहे. धामण पाळणे आपल्याकडे गुन्हा, त्यामुळे तिची घरात निगा कशी राखावी याचे ज्ञान आपल्याकडे साठलेले नाही. परंतु अमेरिकेच्या आग्नेय भागात धामणीच्याच कुळातला एक बिनविषारी साप आहे, कॉर्न स्नेक, म्हणजे मक्याचा साप. शास्त्रीय नाव पँथेरोफिस गुटाटस. लिनियस या शास्त्रज्ञाने धामणीचे वर्णन १७५८ साली केले आणि या सापाचे १७६६ साली. मक्याच्या कोठारात उंदरांमागे येतो म्हणून हे नाव पडले असे काही म्हणतात. पोटावरचे चौकटीचे ठिपके मक्याच्या कणसासारखे दिसतात म्हणून पडले असे दुसरे म्हणतात. कोठारात उंदरांमागे येणारा साप! आमच्या कणगीमागे येणाऱ्या धामणीची ही परदेशातली बहीणच झाली. तो नारिंगी तांबूस, अंगाने सडपातळ आणि स्वभावाने शांत असतो. तिकडे लोक तो हौसेने पाळतात आणि बंदिवासात त्याची पिढ्यान् पिढ्या पैदास होते. साहजिकच त्याची कात अडकली तर काय करावे, हे तिथे पुष्कळ माणसांनी पुष्कळ वेळा पाहिलेले आहे.

त्यांच्या अनुभवाचा गाभा असा की कात अडकते ती बहुतेक वेळा हवा कोरडी असल्यामुळे. दोन थरांमधला द्रव वेळेआधी सुकला तर कात चिकटून बसते. याशिवाय साप तहानलेला असणे, कुपोषण, अंगावर गोचिडीसारखे बारीक जीव होणे, जुनी जखम, आणि अंग घासायला खरबरीत वस्तू नसणे ही कारणेही असतात. म्हणून तिकडचे जाणते लोक कातीला हात लावण्याआधी पेटी दुरुस्त करतात. मक्याच्या सापाला एरवी ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते. डोळे निळे झाले की ती थोडी वाढवतात. झाकणाच्या डब्याला भोक पाडून त्यात ओले शेवाळ घालून ठेवतात. साप आपण होऊन आत जाऊन बसतो. पाण्याचे भांडे मोठे ठेवतात. त्या दिवसांत सापाला हाताळत नाहीत, खाण्याचा आग्रह करीत नाहीत. कात निघाल्यावर ती तपासतात: दोन्ही डोळ्यांची भिंगे आहेत ना, शेपटीचे टोक आहे ना. काही राहिलेच तर हाताला जेमतेम कोमट लागेल अशा उथळ पाण्यात सापाला थोडा वेळ ठेवतात, किंवा ओल्या टॉवेलच्या घडीतून त्याला स्वतःहून सरपटू देतात. सैल झालेली कात टॉवेलला अडकून निघते. कोरडी कात कोणी ओढीत नाही. शेपटीच्या वेढ्याकडे मात्र दुर्लक्ष चालत नाही. तो सुकून आवळतो, रक्त अडते आणि टोक कुजून गळते. डोळ्यावरच्या खवल्याला तर चिमटा लावायचाच नाही, कारण जुन्याबरोबर खालचा नवा खवला निघाला तर डोळाच जातो.

आमच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्याची हवा कशी असेल ते सांगायला नको. आम्ही तिला भांडेभर पाणी आणि विटेचा तुकडा दिला होता. ओल मात्र दिली नव्हती.

हे सारे मी रात्री घरी सांगत होते. आजी चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "ह्यात नवीन काय? वल बघूनच टाकतंय ते. आमच्या न्हाणीच्या दगडाला दर साली कात घावायची." मी लहानपणापासून ऐकले होते की रांजणाखाली आणि न्हाणीच्या मोरीपाशी कात सापडते, ती कणगीत ठेवली की धान्याला बरकत येते. बरकतीचे मी मनावर घेत नाही, जसे धामण गाईच्या पायांना वेढा घालून दूध पिते हेही घेत नाही. परंतु न्हाणीच्या दगडाचे आजीचे म्हणणे पाहा: ओल आहे, खरबरीत दगड आहे, अंधार आहे. पशुवैद्यांनी सांगितलेले तिन्ही त्यात आले. आजीला अक्षर येत नाही, म्हणून मी हे तिच्याकडून कधी विचारून घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पेटीच्या एका अर्ध्या भागात भिजवलेले गोणपाट घातले, त्यावर फुटके कौल उपडे ठेवले. दुसरा अर्धा कोरडाच राखला. कारण साऱ्या पेटीत ओल केली तर पोटाचे खवले कुजतात, आणि हिला तर जखम होती. कोठे बसायचे ते तिचे तिने ठरवावे. तासाभरात ती कौलाखाली गेली. तिसऱ्या दिवशी शेपटीचे टोपण गोणपाटाच्या धाग्यांत अडकलेले सापडले. ते बोटाच्या पेराएवढेही नव्हते. खालचे टोक कोवळे आणि साबूत होते. जखमेवरचा पट्टा पुढच्या आठवड्यात मऊ होऊन गळाला. डावा डोळा मात्र तसाच धुरकट राहिला. पशुवैद्य म्हणाले, थांबायचे.

थांबणे हे या साऱ्यात मला सर्वांत जड गेले. रोज सायकल मारून जायचे, तोच डोळा पाहायचा, वहीत 'फरक नाही' असे लिहायचे. वहीत असे सत्तावीस वेळा लिहिले आहे. जखमी साप पुढची कात एरवीपेक्षा लवकर टाकतो, हा त्यातला दिलासा होता. जूनच्या अखेरीस डोळे पुन्हा निळे झाले. या वेळी कौलाखाली ओल होती. एके सकाळी दादांचा फोन आला. मी पोहोचले तेव्हा गोणपाटावर पूर्ण कात पडली होती, जखमेच्या जागी थोडी चुरगळलेली, पण एकसंध. मी आधी डोके उजेडात धरले. उजवीकडे एक भिंग होते. डावीकडे दोन, एकावर एक चिकटलेली. दादांनी आधी दोरीने मोजली तेव्हा धामण साडेपाच फूट भरली होती; कात साडेसहा फुटांहून अधिक भरली. खवल्यांमधली घडी उलगडते म्हणून कात सापाहून लांब होते.

आमच्या संस्कृतच्या मॅडमनी प्रकल्प पाहून सांगितले की बृहदारण्यक उपनिषदात आत्म्याने सोडलेल्या देहाला वारुळावर पडलेल्या कातीची उपमा दिली आहे. मी ती वाचून काढली. तिथेही कात टाकून झालेली आहे. अडकलेल्या कातीविषयी काही आढळले नाही.

पहिल्या पावसानंतर वनरक्षक, दादा आणि मी ओढ्याकाठी गेलो. दादांनी पिशवीचे तोंड सोडले. धामण क्षणभर मान उंचावून थांबली आणि घायपाताच्या बेटात शिरली. अण्णा आले नव्हते. ते बागेत होते. त्यांनी जाळीची खालची कड वीतभर वर उचलून ताणून बांधली आहे. त्या वीतभर फटीतून आता आजीच्या कोंबड्या बागेत शिरतात आणि खालची फळे टोचतात. यावरून घरात रोज वाद होतो, आणि त्यावर अद्याप तोड सापडलेली नाही.