दैनंदिन रुग्णनोंदवही आणि फ्लूसदृश ज्वराचे सर्वेक्षण

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये एच५एन१ विषाणूचा प्रादुर्भाव सिद्ध झाला. भारतातील ही पहिलीच घटना होय. लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. पथकांनी घरोघरी ज्वराचे रुग्ण शोधले. मानवी बाधा सिद्ध झाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा उद्भवला. असा ज्वर माणसांत पसरू लागल्यास तो प्रथम बहुधा गावातील वैद्याच्याच नोंदवहीत उमटेल.

शास्त्राधार
चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात, वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीमुळे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, असे प्रतिपादन आहे. एकेक रुग्ण तपासताना हे ध्यानात येत नाही. नोंदी एकत्र मांडल्यावर येते. इंग्लंडमध्ये कुटुंबवैद्यांच्या साप्ताहिक नोंदींवरून फ्लूची साथ ओळखण्याची पद्धत अनेक दशके रूढ आहे.

काय नोंदवावे?
जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ज्वर, सोबत खोकला आणि आरंभ गेल्या १० दिवसांतील असल्यास तो फ्लूसदृश आजार समजावा. निदान ‘वातश्लेष्मिक ज्वर’ असे लिहिले तरी तापमान, आरंभाचा दिवस, वय, गाव व कोंबड्यांशी आलेला संपर्क अवश्य लिहावा.

कसे मोजावे?
केवळ संख्या फसवी ठरते. आठवडे बाजाराच्या दिवशी गर्दी वाढते. ऊसतोडीला व गुजरातेत मजुरीला माणसे गेली की ती ओसरते. म्हणून सोमवार ते रविवार असा पूर्ण आठवडा धरून एकूण रुग्णांतील प्रमाण काढावे. समजा, एका आठवड्यात १२० पैकी १२ रुग्ण फ्लूसदृश, तर प्रमाण १० टक्के. पुढील आठवड्यात ६० पैकी १२, तर २० टक्के. संख्या तीच, प्रमाण दुप्पट! तथापि एका आठवड्यावरून निष्कर्ष काढू नये. मागील वर्षीच्या त्याच ऋतूशी तुलना करावी. औषधविक्रेत्यांनी ज्वर व खोकल्याच्या औषधांचा साप्ताहिक खप टिपून ठेवल्यास वैद्यांच्या नोंदींना पुष्टी मिळेल.

कोणास कळवावे?
२००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात वैद्यकीय व्यावसायिकांच्या संभाव्य निदानांसाठी ‘पी’ प्रपत्र योजलेले आहे. प्रमाण सतत वाढत असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रास वा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांस कळवावे. मात्र ज्वरासह श्वासकष्ट असून मृत कोंबड्यांशी संपर्क आल्याचा इतिहास मिळाल्यास आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे व रुग्णास रुग्णालयात पाठवावे. रुग्णाचे नाव अन्यत्र उघड करू नये.