एक नाव, दोन कार्डे

[कोणतीही वस्तू विकत घेताना फक्त तिचे नाव पाहणे पुरेसे नसते. एकाच नावाच्या दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना करून ही गोष्ट या पाठात समजावून दिली आहे.]

संगणकाच्या पडद्यावर आपण चित्रे पाहतो, खेळ खेळतो. पडद्यावरचे प्रत्येक चित्र लहान लहान ठिपक्यांचे बनलेले असते. अनेक पडद्यांवर एका आडव्या ओळीत १९२० ठिपके असतात आणि अशा १०८० ओळी असतात. यांचा गुणाकार करून पाहा. २०,७३,६०० ठिपके होतात!

खेळातील मोटार धावताना दिसावी, म्हणून एका सेकंदात अनेक चित्रे एकामागून एक दाखवावी लागतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असतील, तर दर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. एवढा मोठा हिशेब करण्यासाठी संगणकात जो भाग बसवतात, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात.

एनव्हिडिया ही अमेरिकेतील कंपनी १९९३ साली स्थापन झाली. ग्राफिक्स कार्डाची चिप ही तिची ओळख आहे. या कंपनीने २०१७ साली ‘जीफोर्स जीटी १०३०’ हे कार्ड बाजारात आणले. ते लहान आणि कमी किमतीचे होते. त्याच्या चिपच्या रचनेला ‘पास्कल’ असे नाव दिलेले आहे. ब्लेझ पास्कल हे सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ होते. त्यांनी बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र तयार केले होते.

पुढे २०१८ साली याच कार्डाचा दुसरा प्रकार आला. त्याचे नाव मात्र बदलले नाही. तेही ‘जीटी १०३०’च. आता दोन्ही कार्डांचा तपशील शेजारी शेजारी ठेवून पाहू.

| तपशील | पहिले कार्ड (२०१७) | दुसरे कार्ड (२०१८) |
|---|---|---|
| गणना करणारे भाग (कोअर) | ३८४ | ३८४ |
| मेमरी | २ गिगाबाइट | २ गिगाबाइट |
| मेमरीचा प्रकार | जीडीडीआर-५ | डीडीआर-४ |
| चिपचा कमाल वेग | १४६८ मेगाहर्ट्झ | १३७९ मेगाहर्ट्झ |
| मेमरीतून दर सेकंदाला जाणारी माहिती | ४८ गिगाबाइट | १६.८ गिगाबाइट |
| वीज | ३० वॅट | २० वॅट |

वरच्या दोन ओळी वाचून काय वाटते? दोन्ही कार्डे सारखीच आहेत! कोअर तेवढेच, मेमरीही तेवढीच. चिपच्या वेगातही फार मोठा फरक नाही. पण पाचवी ओळ नीट वाचा. दुसऱ्या कार्डात माहिती ने-आण करण्याचा वेग पहिल्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा आहे.

हा फरक कसा पडला? चिप आणि मेमरी यांच्यामध्ये माहितीची वाट असते. दोन्ही कार्डांत ही वाट ६४ बिट रुंद आहे. म्हणजे जणू ६४ पदरी रस्ताच. पहिल्या कार्डात प्रत्येक पदरावरून सेकंदाला ६ गिगाबिट माहिती जाते. ६४ गुणिले ६ म्हणजे ३८४ गिगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून ३८४ ला ८ ने भागा. उत्तर ४८ गिगाबाइट येते. दुसऱ्या कार्डात प्रत्येक पदरावरून फक्त २.१ गिगाबिट माहिती जाते. तिथे हेच गणित केले की १६.८ हे उत्तर मिळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, यंत्रमागाचे दोन कारखाने आहेत. दोन्हींत ३८४ माग आहेत. दोन्हींची सुताची गोदामेही सारखीच मोठी आहेत. पण एका कारखान्यात गोदामातून सूत भराभर येते आणि दुसऱ्यात ते सावकाश येते. दुसऱ्या कारखान्यातील माग चांगले असूनही सुताची वाट पाहत थांबून राहतात. मग तिथे कापड कमी निघणारच. ग्राफिक्स कार्डाचेही तसेच आहे.

केवळ तपशील वाचून तुलना पूर्ण होत नाही. प्रत्यक्ष परीक्षाही घ्यावी लागते. अशी परीक्षा घेताना संगणक तोच ठेवतात, खेळ तोच ठेवतात आणि फक्त कार्ड बदलतात. मग सेकंदाला किती चित्रे दिसली, ते मोजतात. या दोन कार्डांची अशी परीक्षा घेतली, तेव्हा अनेक खेळांत दुसऱ्या कार्डाचा वेग सुमारे निम्मा भरला. म्हणजे पहिल्या कार्डावर ६० चित्रे दिसत असतील, तर दुसऱ्यावर सुमारे ३० दिसतील. वेग तिसऱ्या हिश्श्यापर्यंत का उतरला नाही? कारण कार्डाचे प्रत्येक काम मेमरीवर अवलंबून नसते.

मग दुसरे कार्ड वाईट आहे का? तसे नाही. पत्र लिहिणे, छायाचित्रे पाहणे, चित्रपट पाहणे ही कामे त्यावर चांगली होतात. त्याला वीजही कमी लागते. पण ज्याला खेळासाठी कार्ड हवे आहे, त्याने नुसते नाव वाचून ते घेतले, तर त्याची निराशा होईल. साठवलेले पैसे खर्च होतील आणि काम मात्र निम्मेच होईल.

म्हणून दुकानात गेल्यावर ‘२ जीबीचे जीटी १०३० द्या’ एवढेच म्हणू नये. मेमरी कोणत्या प्रकारची आहे, ते विचारावे. खोक्यावरची बारीक अक्षरेही वाचावीत. जुने कार्ड विनाखोक्याचे मिळत असेल, तर ते संगणकात बसवून पाहावे. ‘जीपीयू-झेड’ नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. तो कार्डातील मेमरीचा प्रकार पडद्यावर दाखवतो.

अशी चौकशी करायला संकोच वाटू देऊ नका. आपल्या देशात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, असे तो सांगतो. मात्र हक्काचा उपयोग प्रश्न विचारणाऱ्यालाच होतो. मोठ्या अक्षरांतले नाव सर्वजण वाचतात. शहाणा ग्राहक बारीक अक्षरेही वाचतो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ग्राफिक्स कार्ड कोणते काम करते?
(आ) दोन्ही कार्डांत कोणत्या दोन गोष्टी अगदी सारख्या आहेत?

२. कारणे द्या.
(अ) दुसऱ्या कार्डाचा खेळातील वेग कमी भरला.
(आ) परीक्षा घेताना संगणक आणि खेळ बदलत नाहीत.

३. एका कार्डाची वाट १२८ बिट रुंद आहे. प्रत्येक पदरावरून सेकंदाला ७ गिगाबिट माहिती जाते. सेकंदाला एकूण किती गिगाबाइट माहिती जाईल?

४. ‘हिशेब’, ‘किंमत’, ‘दुकान’ हे शब्द उर्दूत कसे लिहितात व उच्चारतात? पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.

५. उपक्रम : घरातील एकाच प्रकारच्या दोन वस्तूंवरील बारीक अक्षरे वाचा आणि त्यांच्या तुलनेचा तक्ता तयार करा.