रक्ताचं नातं आणि नागोबाच्या 22 चुली

या आठवड्याचा अभ्यास: माणूस माणसाला मदत का करतो? आधी सहकार्य आलं की आधी धर्म?

शास्त्रज्ञांचं म्हणणं आधी बघू या. 1964 मध्ये हॅमिल्टन यांनी रक्ताच्या नात्याचं गणित मांडलं. आई लेकरासाठी उपाशी राहते, कारण लेकरात तिचाच अंश असतो. 1971 मध्ये ट्रिव्हर्स यांनी परतफेडीचं मांडलं. रक्त पिणारी वटवाघळं उपाशी सोबतिणीला आपल्या पोटातलं रक्त देतात, आणि जी देते तिला पुढे मिळण्याची शक्यता जास्त. त्यांचं तर कुठलं देऊळ नाही! म्हणजे मदतीचं बीज धर्माच्या फार आधीचं. हे मान्य करायला आपल्याला जड जाऊ नये.

पण जो ना नात्यातला ना ओळखीचा, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? धर्माचं काम इथं सुरू होतं, असं मला वाटतं. लांब कशाला, इंद्रवेल्लीजवळचं आपलं केसलापूर घ्या. पौष अमावस्येच्या नागोबा जत्रेआधी मेश्राम कुळाचे गोंड लोक अनवाणी चालत गोदावरीवर हस्तिनमडुगूला जातात आणि पूजेचं पाणी आणतात. जो एवढं चालला तो उद्या शब्द फिरवणार नाही, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं. ढोंग्याला एवढी पायपीट परवडत नाही. नव्या सुना भेटीच्या विधीत नागोबापुढे येतात, तेव्हाच त्या कुळात पूर्ण सामील होतात. रक्त वेगळं, तरी आपली. आणि स्वयंपाक? कुटुंबं कितीही येवोत, चुली 22च. एका ओट्याशी दोन जावांचं जमवणं काय असतं ते आपल्याला माहीत आहे. तिथं तर पाळीपाळीनं रांधतात!

मात्र ज्या विधीनं माणसं आत येतात, त्यानंच कुंपणही पडतं. मागच्या उत्सवात आपल्या पंगतीत बॅजवाले आधी बसले. रस्त्यावरून आलेल्या दोन बायका लेकरं घेऊन तिसऱ्या पंगतीपर्यंत उभ्या होत्या, तोवर भाजी संपली. कुणी मुद्दाम केलं नाही, पण झालं.

गुरुवारी चर्चेला हेच घेऊ: पहिली पंगत बिनबॅजवाल्यांची ठेवायची का? तायांनी सेवायादी सोबत आणावी, वाढपी किती लागतील ते तिथंच ठरवू.