डोरेमॉन आणि आपली मुले



धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही एकदा प्रश्न विचारला, "संकटात हाक मारली की धावून येतो तो कोण?" उत्तर 'देव' असे येईल, निदान 'राखणदार देवदूत' तरी, अशी आमची अपेक्षा होती. तिसरीतल्या एका मुलाने हात उंच करून सांगितले, "फादर, डोरेमॉन!" वर्ग खदखदून हसला. आम्हीही हसलो.

अशा गमती घरोघरी घडतात. एका घरी रोझरीचे दुसरे रहस्य संपताच चार वर्षांच्या मुलीने विचारले, "आता ब्रेक आहे ना?" दुसऱ्या घरी आजीने पाणी मागितले, तर नातू कार्टूनच्या हिंदीत म्हणाला, "अभी लाया, दादीजी!" ही दादीजी कोण आली म्हणून आजी दाराकडे पाहू लागली. तिसऱ्या घरी मारामारीचे कार्टून बंद करणाऱ्या आईला मुलाने ऐकवले, "तुझ्या मालिकेतल्या बायका रोज भांडतात, ते चालते का?" आईकडे उत्तर नव्हते.

मुले जे पाहतात ते उचलतात. माणूस आपले पहिले धडे अनुकरणातून शिकतो, असे ॲरिस्टॉटलने नमूद केले आहे. त्याचे गुरू प्लेटो यांनी तर 'रिपब्लिक' या ग्रंथात बजावले आहे की, लहानपणी ऐकलेल्या गोष्टींचा ठसा सहसा पुसला जात नाही. म्हणून मुलांच्या गोष्टी मोठ्यांनी पारखून घ्याव्यात.

ख्रिस्तसभेचेही हेच सांगणे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्क माध्यमांविषयी आदेश काढला. त्यात या शोधांचे कौतुक आहे. पण घरात काय शिरते यावर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य आईवडिलांचे आहे, हेही त्यात सांगितले आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ सालच्या जागतिक संपर्क माध्यम दिनासाठी 'मुले आणि माध्यमे' हाच विषय निवडला होता.

पण नुसते लक्ष ठेवून भागते का? वर्ग सुटल्यावर आम्ही त्या मुलाला जवळ बोलावले. "डोरेमॉनच का रे?" तो म्हणाला, "नोबिता रडत घरी आला की डोरेमॉन घरीच असतो."

त्याचे आईवडील सकाळच्या लोकलने मुंबईला जातात आणि रात्री आठला परततात. शाळा सुटली की हा शेजारच्या मावशीकडून किल्ली घेतो, दार उघडतो आणि आधी टीव्ही लावतो. "आवाज असला की भीती वाटत नाही, फादर." आमचे हसू तिथेच ओसरले. त्याने खरेच उत्तर दिले होते आणि आपण सगळे त्याला हसलो होतो. (त्याच्या आईवडिलांच्या संमतीने हे लिहीत आहोत.)

त्या आईवडिलांना दोष देणे सोपे आहे. पण घराचे हप्ते कोणाला चुकले आहेत? संत मार्कच्या शुभवर्तमानात (१०:१३-१६) शिष्यांनीही मुलांना दटावले, तेव्हा त्यांनाही आपले कारण योग्यच वाटले असणार. येशूला मात्र राग आला. त्याने मुलांना जवळ घेतले, कवेत धरले, त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. डोरेमॉनच्या खिशात बाविसाव्या शतकातली सगळी यंत्रे आहेत. पण तो पडद्याबाहेर येऊन मुलाच्या पाठीवरून हात फिरवू शकत नाही. ते काम आपले आहे.

या आठवड्यात तीन गोष्टी करून पाहू या. एक, मुलाच्या आवडीचा एक कार्यक्रम त्याच्या शेजारी बसून पाहावा आणि 'तुला हा का आवडतो?' असे विचारावे. दोन, जेवणाच्या व रोझरीच्या वेळी टीव्ही बंद ठेवावा, आपली मालिकासुद्धा. तीन, शेजारी एकटे मूल असेल, तर संध्याकाळी त्याला आपल्या घरी बोलवावे.

असिसीची संत क्लारा नाताळच्या रात्री आजारी होती, तेव्हा तिला चर्चमधील उपासना खोलीच्या भिंतीवर दिसली, अशी परंपरा आहे. म्हणून १९५८ साली पोप पायस बारावे यांनी तिला टीव्हीची आश्रयदाती संत घोषित केले. एकटेपणात तिला त्या भिंतीवर आपली माणसे दिसली. आपल्या मुलांना ती घरातच भेटावीत, यासाठी तिची मध्यस्थी मागू या.